लिंबू, मिसो आणि चौघांत तीन तुकडे

‘ग्रीक-आशियाई’ असे पाटीवर लिहिलेले रेस्टॉरंट दिसले की मनात आधी शंका येते, आणि ती रास्त असते. दोन पाकपद्धती एकत्र आणल्याचा दावा करणाऱ्या बऱ्याच ठिकाणी एका देशाच्या पदार्थावर दुसऱ्या देशाचा सॉस ओतण्यापलीकडे काही घडत नाही. शहराच्या मध्यवर्ती भागातल्या या रेस्टॉरंटमध्ये मी दोनदा जेवलो. पहिल्यांदा शनिवारी रात्री आम्ही चौघे होतो, आणि दुसऱ्यांदा आठवड्याच्या मधल्या एका दुपारी मी आणि माझी पत्नी असे दोघेच गेलो. या दोन जेवणांतून माझे एक मत पक्के झाले. इथल्या स्वयंपाकघराने दोन्ही परंपरांचा मनापासून अभ्यास केला आहे, परंतु पदार्थ टेबलावर ज्या रीतीने येतात ती रीत त्या अभ्यासाचे निम्मे श्रेय हिरावून घेते. म्हणूनच मी पदार्थांइतकेच वाढण्याबद्दलही सविस्तर लिहिणार आहे.

छोट्या प्लेट मागवून सर्वांनी वाटून खाण्याची पद्धत इथे निवडली आहे आणि ती या दोन्ही परंपरांना शोभणारी आहे. ग्रीसमध्ये ऊझो किंवा त्सिपुरो या कडक मद्यांच्या पेल्याबरोबर ज्या लहान बशा येतात त्यांना मेझेदेस म्हणतात. त्यातला ‘मेझे’ हा शब्द चव या अर्थाच्या फारसी शब्दावरून तुर्कीमार्गे ग्रीकमध्ये गेला. आपला ‘मजा’ हा शब्द त्याच मुळातून आला आहे, ही गोष्ट मला फार आवडते. जपानमधले इझाकाया म्हणजे मुळात साके हे तांदळाचे मद्य विकणारे असे दुकान, जिथे गिऱ्हाईक पिण्यासाठी थांबून राहते. दोन्हीकडे पदार्थ लहान असतात, कारण ते पेयाला आणि गप्पांना सोबत म्हणून येतात, आणि दोन्हीकडे मीठ, आंबटपणा आणि कोळशाची धग यांवर सगळा भर असतो. त्यामुळे या दोन पाकपद्धतींची गाठ कोणी ओढूनताणून घातली आहे असे वाटत नाही.

मात्र ‘आशियाई’ हा शब्द फारच सैल आहे. मेन्यूवरचे सुमारे दोन तृतीयांश पदार्थ जपानकडे झुकतात, दोन-तीन कोरियाकडे आणि एक व्हिएतनामकडे. इतक्या मोठ्या खंडाचे नाव घेण्याऐवजी सरळ ‘ग्रीक-जपानी’ म्हटले असते तर ते अधिक प्रामाणिक ठरले असते, आणि आत येणाऱ्याच्या अपेक्षाही योग्य जागी राहिल्या असत्या.

जागा लांबट आणि अरुंद आहे. एका बाजूला उघडे स्वयंपाकघर आहे आणि त्याच्या मधोमध कोळशाची शेगडी. तिथे पांढरा कोळसा वापरतात. या जपानी पद्धतीच्या कोळशाला धूर कमी येतो आणि त्याची आच बराच वेळ एकसारखी टिकते. शेगडीसमोरच्या उंच खुर्च्यांवर बसायला मिळाले तर जरूर बसावे, कारण तिथून काम पाहता येते आणि पदार्थ हातोहात मिळतो. मागच्या बाजूच्या टेबलांवर दगडी फरशी आणि उघड्या भिंती यांमुळे आवाज इतका घुमतो की शनिवारी रात्री आम्हाला समोरच्या माणसाशीही मोठ्याने बोलावे लागत होते.

जेवणाची सुरुवात तारामोसलाताने झाली. खारवलेली माशाची अंडी, भिजवलेला पाव, लिंबाचा रस आणि ऑलिव्ह तेल एकत्र घोटून केलेला हा ग्रीक पदार्थ बाजारात अनेकदा भडक गुलाबी रंगात मिळतो, पण तो रंग बाहेरून घातलेला असतो. अंड्यांचा स्वतःचा रंग फिकट असतो, आणि इथे तो तसाच ठेवलेला पाहून बरे वाटले. कॉड किंवा कार्प माशाच्या अंड्यांऐवजी इथे मेंताइको वापरले होते. हा पोलॉक माशाच्या, मिरची लावून खारवलेल्या अंड्यांचा प्रकार मूळचा कोरियातला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो जपानमध्ये फुकुओकात रुजला. पहिल्या घासाला लिंबू जाणवते, मग तेलाचा गुळगुळीतपणा, आणि सर्वांत शेवटी, घास गिळून झाल्यावर, घशाशी मिरचीची हलकी ऊब. ग्रीक पदार्थाचा सांगाडा कुठेही न मोडता त्यात फक्त एक घटक बदलला आहे, तोही त्याच जातीच्या दुसऱ्या घटकाने. सोबतचा गरम पिटा पाव मात्र आम्हाला दुसऱ्यांदा मागावा लागला, कारण तारामोसलाता अर्धा उरला असतानाच पाव संपला होता.

ठेचलेल्या काकडीची बशीही अशीच समजून केलेली होती. चीनमध्ये काकडी सुरीने कापण्याऐवजी ठेचतात, त्यामुळे तिच्या खडबडीत कडांना मसाला धरून राहतो. इथे त्या काकडीखाली लसूण घातलेले घट्ट दही होते, म्हणजे एका अर्थाने ते उलटे वाढलेले त्झात्झिकी, म्हणजे दही-काकडीचा ग्रीक पदार्थच होते. वरून तिळाचे तेल अगदी बेताने घातले होते. तिळाचे भाजके तेल आणि ऑलिव्ह तेल एकाच बशीत आले की पहिले दुसऱ्याला गिळून टाकते, आणि स्वयंपाकघराला हे ठाऊक आहे असे संपूर्ण जेवणभर जाणवत राहिले.

आता ऑक्टोपसबद्दल, कारण एकट्या त्याच्यासाठीही या रेस्टॉरंटमध्ये जावे असे मी कोणालाही सांगेन. ऑक्टोपसच्या मांसात कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर असते. घाईने भाजले तर ते आकसते आणि मांस चामड्यासारखे होते, पण मंद आचेवर पुरेसा वेळ शिजवले की तेच कोलॅजन विरघळून जिलेटिन बनते आणि मांस मऊ पडते. ग्रीक बेटांवरच्या खानावळींबाहेर दोरीवर उन्हात टांगलेले ऑक्टोपस दिसतात, तेही एका कारणासाठी. पृष्ठभागावरचे पाणी उडून गेले की कोळशावर ते वाफवल्यासारखे न होता खरपूस भाजले जातात. इथे वेटरने सांगितल्याप्रमाणे ऑक्टोपस आधी मंद आचेवर शिजवतात, नंतर रात्रभर शीतकपाटात उघडा ठेवून सुकवतात, आणि मागणी आली की मिसो (सोयाबीन आंबवून केलेले खारट जपानी वाटण), व्हिनेगर आणि थोडा मध यांचे मिश्रण लावत कोळशावर भाजतात. मिसोतली साखर चटकन करपते, त्यामुळे हे काम लक्षपूर्वक करावे लागते. आमच्या प्लेटमधल्या भुजांची टोके काळपट आणि कुरकुरीत होती, तरी कडवटपणाचा अंशही नव्हता, आणि आतले मांस काट्याने तुटत होते.

हा ऑक्टोपस फावाच्या घट्ट पिठल्यासारख्या थरावर वाढला होता. फावासाठी ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर वाटाण्याच्या कुळातल्या एका कडधान्याची पिवळी डाळ शिजवून ती घोटतात आणि वर कांदा, केपर (खारवलेल्या आंबट कळ्या) आणि ऑलिव्ह तेल घालतात. त्या साध्या, किंचित गोडसर डाळीवर मिसोचा खारटपणा उतरला तेव्हा टेबलावरचे सगळे काही क्षण बोलायचे थांबले. याचे एक कारण रसायनशास्त्रातही सापडते. 1908 साली किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शैवालाच्या पाण्यातल्या चवीचा शोध घेताना ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला उमामी हे नाव दिले. तेच ग्लुटामेट मिसोत असते, पिकलेल्या टोमॅटोत असते आणि मुरलेल्या चीजमध्येही असते. त्यामुळे भूमध्य समुद्राकाठच्या आणि जपानच्या स्वयंपाकात दिसायला कितीही अंतर असले, तरी जिभेच्या पातळीवर ते एकमेकांचे शेजारीच आहेत. शेफने हे शेजारपण ओळखले आहे, आणि त्याच्या आधारावर उभा असलेला इथला प्रत्येक पदार्थ जमला आहे.

दुसरा विशेष उल्लेख करायचा तो अंड्याच्या वाफवलेल्या वाटीचा. जपानी चावानमुशीत अंडे आणि त्याच्या साधारण तिप्पट दाशी, म्हणजे पातळ जपानी रस्सा, एकत्र करून ते मिश्रण कमी आचेवर वाफवतात. आच जराशी वाढली तरी त्यात छिद्रे पडतात. ग्रीकांच्या आव्गोलेमोनोमध्येही अंडी आणि गरम रस्सा यांचाच मेळ असतो, फक्त तिथे लिंबाचा रस घालून, गरम रस्सा हळूहळू ओतत, अंडे न फाटू देता तो दाट करतात. दोन्ही पदार्थ अंड्याच्या त्याच नाजूक स्वभावाशी जपून वागतात, म्हणून त्यांचे एकत्र येणे योग्यच आहे. पण लिंबाचा रस थेट मिश्रणात घातला तर आम्लामुळे अंडे लवकर घट्ट होते आणि चावानमुशीचा रेशमी पोत बिघडतो. इथे त्यावर सुंदर तोड काढली आहे. वाटीतले अंडे साध्या दाशीतच वाफवलेले असते आणि लिंबू घातलेला पातळ, फिकट पिवळा आव्गोलेमोनो टेबलावर आणून त्यावर ओततात. चमचा खाली गेला की आधी आंबट आणि मग अगदी शांत, समुद्राची आठवण देणारी चव येते. दोन्ही भेटींत हा पदार्थ तितकाच निर्दोष होता.

याच पदार्थावरून एक अडचणही समोर आली. आमच्यातली एक मैत्रीण मांस-मासे खात नाही, पण अंडी आणि दुधाचे पदार्थ खाते. दाशी हा शब्द वाचून तिने विचारले तेव्हा वेटरने अंदाजाने उत्तर न देता आत जाऊन चौकशी केली आणि त्यात सुकवलेल्या बोनिटो माशाचे काप आहेत असे स्पष्ट सांगितले. कोंबू आणि सुक्या शिताके मशरूमची दाशी करून देता येते, पण त्यासाठी एक दिवस आधी कळवावे लागते, हेही त्याने सांगितले. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर वाटला. परंतु ज्या मेन्यूवर मिसो, दाशी आणि मत्स्यसॉस हे घटक नाव न घेता अर्ध्याहून अधिक पदार्थांत शिरलेले आहेत, त्या मेन्यूवर शाकाहारी पदार्थांपुढे साधी खूण नसणे हा मोठा दोष आहे. कोणते चीज प्राण्यांपासून मिळणाऱ्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, बनवलेले आहे, याचीही माहिती छापता आली असती. आमच्या मैत्रिणीला शेवटी चारच पदार्थ खाता आले, आणि बिल मात्र चौघांत सारखे विभागले गेले.

भरलेल्या द्राक्षाच्या पानांबद्दल माझे मन द्विधा आहे. कल्पना इथेही चांगली होती. ग्रीक दोल्मादेसमध्ये द्राक्षाच्या पानात भात किंवा खिमा गुंडाळतात, आणि व्हिएतनाममध्ये विड्याच्या पानाच्या कुळातल्या लालोत नावाच्या पानात गोमांस गुंडाळून ते निखाऱ्यावर भाजतात. इथे द्राक्षाच्या पानात गवती चहाची पात घातलेला कोकराचा खिमा भरून, पाने भाजून, वर मत्स्यसॉस आणि लिंबू घातले होते. मत्स्यसॉसला परके म्हणायचेही कारण नाही, कारण प्राचीन ग्रीक लोक माशापासून आंबवलेला गारोस नावाचा तसाच द्रव वापरत आणि पुढे रोमनांनी तो उचलला. म्हणजे आज आग्नेय आशियात घरोघरी असलेली गोष्ट एका अर्थाने ग्रीक स्वयंपाकघरात परत आली आहे. दुर्दैवाने द्राक्षाची पाने मिठाच्या पाण्यात टिकवलेली असतात, आणि ती पुरेशी धुतली नसावीत. त्यावर मत्स्यसॉसचे मीठ चढले आणि पदार्थ इतका खारट झाला की आतल्या खिम्याचा सुगंध हरवला. दुसऱ्या भेटीतही तसेच घडले, म्हणून हा एका रात्रीचा अपघात मानता येत नाही.

पालक आणि फेटा हे ग्रीक चीज भरलेले ग्योझा, म्हणजे मोदकासारखे बंद केलेले जपानी डंपलिंग, हा मेन्यूवरचा सर्वांत कमकुवत पदार्थ आहे. पालक आणि फेटाच्या ग्रीक पायची सारी गंमत फिलो या लाटलेल्या पिठाच्या कागदासारख्या पातळ, कुरकुरीत थरांत असते, आणि सारणातला ओलावा त्या थरांमुळेच सुसह्य होतो. ते थर काढून तेच सारण मऊ ग्योझात भरल्यावर उरतो तो फक्त ओलावा. शिवाय फेटा हे उष्णतेने तार सुटणारे चीज नाही. ते भुसभुशीतच राहते, आणि त्यामुळे सारण एकजीव होत नाही. फेटाचा दर्जा चांगला होता हे सांगायला हवे. युरोपीय संघाने 2002 पासून हे नाव ग्रीसमधल्या ठरावीक प्रदेशांत तयार झालेल्या चीजसाठी राखून ठेवले आहे. त्यात किमान 70 टक्के मेंढीचे दूध असावे लागते, बाकीचे शेळीचे चालते, आणि ते किमान दोन महिने मुरवावे लागते. असे चीज टोमॅटोवर नुसते कुस्करून दिले असते तरी त्याचे चीज झाले असते.

सागानाकीच्या बाबतीत काय घडले ते सांगताना मला वाढण्याच्या पद्धतीकडे वळावेच लागेल. सागानाकी हे खरे तर दोन कानांच्या लहान तव्याचे नाव आहे. त्या तव्यात कडक चीजचा जाड काप तळून, वर लिंबू पिळून, तो चरचरत असतानाच समोर आणतात. गरम असताना तो बाहेरून खमंग आणि आतून लवचिक असतो, पण पाच-सात मिनिटांत थंड होऊन रबरासारखा होतो. शनिवारी रात्री आमच्या टेबलावर ऑक्टोपस, अंड्याच्या वाट्या, ग्योझा आणि सागानाकी हे सगळे दोन मिनिटांच्या आत येऊन थडकले. आधी वीस मिनिटे टेबलावर काहीच नव्हते. आम्ही साहजिकच ऑक्टोपसकडे वळलो आणि सागानाकीची पाळी येईपर्यंत ते खाण्याजोगे राहिले नव्हते. वर घातलेल्या गोचुजांग (मिरचीचे आंबवलेले कोरियन वाटण) आणि मधाच्या मिश्रणात लिंबू कुठेच सापडत नव्हते. दुपारच्या भेटीत तेच सागानाकी एकटे आणि गरम आले, तेव्हा ते मिश्रण थोडे जड असूनही पदार्थ आवडला. चीज तेच होते आणि स्वयंपाकीही बहुधा तेच असावेत. फरक फक्त वेळेचा होता.

‘पदार्थ जसे तयार होतील तसे येतील’ हे वाक्य वेटरने सुरुवातीलाच ऐकवले होते. मेझेच्या परंपरेचा दाखला देऊन या पद्धतीचे समर्थन करता येते, हे मी मान्य करतो. पण ज्या परंपरेचा दाखला द्यायचा, तिथे लोक एकदम दहा पदार्थ मागवत नाहीत. ते दोन-तीन बशा मागवतात, पेला संपवतात, बोलतात आणि मग पुन्हा मागवतात. टेबल दोन तासांत रिकामे करण्याची अट घालणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये तशी सवड मिळत नाही. सगळी मागणी सुरुवातीलाच द्या असा आग्रह धरला जातो, आणि परिणामी स्वयंपाकघराच्या सोयीने टेबलावर कधी दुष्काळ तर कधी पूर येतो. त्यात चौघांच्या टेबलावर ग्योझा तीन, भरलेली पाने तीन आणि कोळशावर भाजलेल्या कोंबडीच्या काड्याही तीनच. वाटून खाण्यासाठी म्हणून योजलेले जेवण माणसांच्या संख्येशी जुळत नसेल, तर प्रत्येक बशीपाशी संकोच बसतो आणि शेवटचा तुकडा थंड होत पडून राहतो. संख्येप्रमाणे एक तुकडा वाढवून त्याचे पैसे लावले असते तरी आम्ही आनंदाने दिले असते. वेटरला ते सुचवता आले असते, आणि त्याला सुचवू दिले जात नसावे असा माझा तर्क आहे, कारण बाकी सर्व बाबतींत तो तत्पर आणि मनमिळाऊ होता.

पेयांच्या यादीबद्दल थोडक्यात सांगतो. सांतोरिनीची आसिर्तिको ही पांढरी वाइन तिच्या तीव्र आंबटपणामुळे तारामोसलाताबरोबर चांगली जुळते, आणि ऑक्टोपसबरोबर थंड साके त्याहून चांगली लागते. मद्य न घेणाऱ्यांसाठी गार चहाचे दोनच प्रकार आहेत आणि दोन्ही फार गोड आहेत.

गोडाच्या पदार्थात मात्र स्वयंपाकघर पुन्हा आपल्या उंचीवर येते. ग्रीसच्या खिओस बेटाच्या दक्षिण भागात मस्तिहाच्या झुडपांच्या खोडांना बारीक चिरा देतात आणि त्यांतून पाझरून घट्ट झालेले राळेचे थेंब गोळा करतात. या राळेला देवदाराची आठवण देणारा, स्वच्छ आणि थंडावा देणारा सुगंध असतो. तो जपून वापरला नाही तर पदार्थाला औषधाचा वास येतो. इथे मस्तिहाचे आइस्क्रीम काळ्या तिळाच्या मऊ हलव्यावर ठेवून देतात. ग्रीसमध्ये तिळाच्या कुटापासून हलवा करतात आणि जपानमध्ये काळा तीळ भाजून, वाटून गोडात घालतात, त्यामुळे तीळ दोन्ही घरचा आहे. काळ्या तिळाचा किंचित कडवट, मातीसारखा दाटपणा आणि त्यावर त्या राळेचा थंड सुगंध, एवढाच हा पदार्थ आहे आणि त्यात आणखी काही घालण्याची गरज नाही.

दुपारच्या भेटीत आम्ही शेगडीसमोर बसलो आणि वेटरला आधीच विनंती केली, की एका वेळी दोनच पदार्थ मागवू आणि ते संपल्यावर पुढचे सांगू. गर्दी नसल्यामुळे ते मान्य झाले. तारामोसलाता आणि काकडी, मग अंड्याच्या वाट्या आणि पाने, मग एकटे सागानाकी, सर्वांत शेवटी ऑक्टोपस आणि त्यानंतर तिळाचा हलवा, अशा क्रमाने आम्ही दीड तास जेवलो. दोघांना तेवढे पुरले. चौघांनी जायचे असेल तर गर्दी नसलेला दिवस निवडावा, तीन तुकड्यांच्या बशा दोन-दोन मागवाव्यात, दाशीबद्दल आदल्या दिवशी फोन करून सांगावे आणि ग्योझा वगळावेत. मी पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे, आणि शेगडीसमोरच्या दोन खुर्च्या आजच राखून ठेवल्या आहेत.